कंट्रोलरांच्या मधपेट्या

आमच्या घरमालकांच्या फाटकातून आत जायचं असेल, तर आधी त्यांना आपलं डोकं हुंगू द्यावं लागे. ते फाटकाजवळच खाट टाकून बसलेले असत. येणारा पोस्टमन असो, पाहुणा असो की खुद्द त्यांचा जावई असो, ते उठून जवळ येत, मान पुढे काढून दोनदा श्वास घेत आणि निकाल देत. एक तर "जा", नाहीतर "आधी नळावर डोकं धुऊन या". वासाचं तेल, पावडर, अत्तर यांना त्या आवारात बंदी होती. एका निवडणुकीत एक उमेदवार गुलाबाचं अत्तर लावून मतं मागायला आले. यांनी अडवलं, तर कार्यकर्त्यांना तो अपमान वाटला आणि ते साहेबांना घेऊन तसेच आत घुसले. बाहेर आले तेव्हा साहेबांचा एक डोळा मिटला होता. "मत कुणाला द्यायचं ते मी अजून ठरवलं न्हाई," घरमालक म्हणाले, "पण परभणीनं ठरवलेलं दिसायलंय."

परभणी हे त्यांच्या एका मधपेटीचं नाव होतं.

ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उमेदीची वर्षं देवगाव फाट्यावर गेली आणि शेवटची जिंतूरच्या स्टँडवर. निवृत्त झाले तरी गाव त्यांना कंट्रोलरच म्हणे. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकूसुद्धा, त्यांना समोर बसवून "कंट्रोलरला भाकर वाढू का?" असं विचारायच्या. खाकी कपडेही त्यांनी सोडले नव्हते. माशीला या रंगाची सवय झाली आहे असं ते सांगत. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. दुसऱ्या रंगात त्यांना आरशात स्वतःचीच ओळख पटत नाही, असं त्या म्हणत.

घरामागे चिंचेच्या आणि कडुनिंबाच्या सावलीत पेट्या मांडलेल्या होत्या. येलदरीकडच्या झाडांच्या ढोलीतून, जुन्या विहिरींच्या कपारीतून त्यांनी सातेरी माश्या आणून त्यात वसवल्या होत्या. सातेरी म्हणजे अंधारात घर करणारी, पेटीत राहणारी शांत माशी. प्रत्येक पेटीवर एसटीच्या पाट्यांसारखी पाटी होती. परभणी, सेलू, औंढा, येलदरी. सकाळी दात घासत ते मला सांगत, "सेलू आज भरून आली. औंढ्याचं काही खरं न्हाई बाई, आतून बिघाड दिसायलाय." पहिला आठवडाभर मला वाटलं, म्हातारा अजून मनानं स्टँडवरच आहे.

मी त्यांच्या घरी कशी आले तेही सांगायला हवं. जिंतूरच्या मुलींच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला नोकरी लागली आणि सोनपेठकडच्या आमच्या गावातून मी आणि आई ट्रंक, वळकटी, स्टोव्ह घेऊन आलो. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं. मोर्चे निघत, बंद होत, आणि गावोगाव माणसं एकमेकांकडे जरा जास्तच निरखून पाहत. खोली शोधायला गेलं की कुणी आडनाव विचारी, कुणी गाव विचारी. जास्त हुशार असत ते विचारत, "देव्हाऱ्यात फोटो कुणाचा असतो बाई?" उत्तर ऐकलं की सकाळी रिकामी असलेली खोली दुपारपर्यंत मालकाच्या पुतण्याला दिलेली निघे. जिंतूर तालुक्यात एवढे पुतणे आहेत हे मला तेव्हा कळलं.

कंट्रोलरांनी आधी माझं डोकं हुंगलं, मग आईचं. आईच्या डोक्याचा वास घेतल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"करडईचं?"

"घाण्यावरचं हाय," आई म्हणाली.

"माशीला भिता का?"

मी खरं ते सांगितलं की भिते. आई म्हणाली, "माशीला काय भ्यायचं सायेब? आमी माणसाला भेतो."

ते हसले नाहीत. आत गेले आणि किल्ली घेऊन आले. आडनाव त्यांनी विचारलंच नाही. ते फार मोठ्या मनाचे होते म्हणून विचारलं नाही की तो प्रश्न त्यांना सुचलाच नाही, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. पण किल्ली हातात पडली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं, एवढं आठवतं.

अट त्यांनी किल्ली दिल्यावर सांगितली. भाडेकरूनं एक पेटी सांभाळायची. एक उन्हाळा ती पेटी टिकली तर खोली आपली. माशी सोडून गेली तर भाडेकरूनंही आठवड्याच्या आत सोडून जायचं. "मला माणसं कळत न्हाईत," ते म्हणाले. "जल्मभर हजारो माणसं गाडीत बसवली, एक कळलं न्हाई. माशीला कळतं." आमच्या आधी एक तलाठी राहत होते. त्यांची माशी होळीनंतर उडाली आणि चार दिवसांत तलाठीही गेले. त्यांच्या आधीच्या कंपाउंडरचंही तेच झालं होतं. थोडक्यात, आमचं छप्पर आता एका लाकडी पेटीतल्या किड्यांच्या मर्जीवर होतं. परत पुतण्यांच्या गावात खोली शोधत फिरायची माझी तयारी नव्हती.

मी विज्ञानाची पदवीधर, पण मधमाशी मी पुस्तकातल्या आकृतीतच पाहिली होती. कंट्रोलरांनी मला शिकवलं ते सगळं एसटीच्या भाषेत. "पेटीच्या तोंडासमोर उभं राहायचं न्हाई. गाडी सुटायच्या वाटेत कुणी उभं राहतं का? बाजूनं या." धूर द्यायची त्यांची पद्धत अशी की जुन्या गोणपाटाची, किंतानाची वळी पेटवायची, विझवायची आणि नुसती धुमसत ठेवायची. "धूर म्हंजे हॉर्न. हलका, एकदा-दोनदा. दाबून धरला की भांडणं हुतात." सगळा मध काढून घेणाऱ्यांचा त्यांना विलक्षण राग होता. "उन्हाळ्यात फुलं नसतात. तवा तिनं खायाचं काय? गाडीतलं डिझेल काढून घ्यायचं अन् वर म्हणायचं, चल परभणीला."

राणी माशी शोधण्याचा मला नाद लागला होता. मी एकेक चौकट उचलून तासभर डोळे फोडत बसे. एकदा त्यांनी माझ्या हातातून चौकट काढून घेतली आणि उन्हाकडे धरली. मेणाच्या घरांच्या तळाशी बारीक पांढरी अंडी उभी होती. "ही ताजी अंडी दिसली का? मग राणी हाय. डेपो मॅनेजर रोज स्टँडवर हिंडतो का? गाड्या टायमावर सुटायल्यात म्हंजे हाय हापिसात कुठंतरी." असं म्हणून त्यांनी झाकण लावलं. तरी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलीच. न राहवून उघडायची, माश्या राहिल्यात का ते बघायचं, मग जरा जीव थंड व्हायचा. ते मागे येऊन उभे राहिले. "बाई, ती का शाळेची वही हाय रोज तपासायला? तुमच्या घरावरचा पत्रा रोज कुणी उचलून बघितला तर तुमी ऱ्हाल का तिथं?" मी झाकण लावलं.

आईला मात्र हे सगळं शिकवावं लागलं नाही. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत. त्या वाट्या ती न चुकता भरी. परातीत खडे टाकून पाणी ठेवी, म्हणजे माश्यांना खड्यावर बसून पिता येई आणि त्या बुडत नसत. ऊन वाढलं की पेटीवर ओलं पोतं टाकी. आणि सकाळी पेटीशी जाऊन विचारी, "उठल्या का गं?"

"मावशी, माशीला कान नसतात," कंट्रोलर खाटेवरून म्हणाले.

"नसू द्या. मला तोंड हाय."

पुढे मी खुद्द कंट्रोलरांना "येलदरी, कामून उशीर झाला आज?" असं पुटपुटताना ऐकलं आहे.

काकूंबद्दल सांगताना मात्र मला जरा थांबावं लागतं. बाई मनानं वाईट नव्हती. पण सुरुवातीला आम्हाला पाणी देताना त्यांचा तांब्या आमच्या घागरीपासून हातभर उंच असे. मी पाहत होते, आई पाहत होती. एक दिवस काकू वाळवण घालत असताना त्यांच्या भुवईवर माशी डसली. त्या चिमटीत धरून काटा उपटायला गेल्या, तर आईनं धावत जाऊन त्यांचा हात धरला. "चिमटीत धरू नका वैनी, उरलेलं ईख आत जातं. नखानं खरडायचं." आणि तिनं त्यांचं तोंड आपल्या हातात घेऊन नखानं अलगद काटा काढला, वर चुना लावला. कंट्रोलर नुसते बघत राहिले. हे त्यांनी मला शिकवलेलं, मी आईला सांगितलेलं आणि काकूंना चाळीस वर्षांच्या संसारात कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तांब्या घागरीच्या काठाला टेकायला लागला. मला फार बरं वाटलं.

शेतकऱ्यांशी त्यांची वेगळीच लढाई चालू असे. कापसावर कुणी भर सकाळी औषध फवारताना दिसलं की ते सायकलवरून तिथं जात, बांधावर उभं राहून स्टँडवरची शिट्टी वाजवत आणि म्हणत, "ही वेळ माझ्या गाड्यांची हाय. तुमी दिवस कलल्यावर या." काही जण शिव्या देत. काही जण कंटाळून ऐकत. एकानं मात्र सूर्यफूल चांगलं भरलं म्हणून पुढच्या वर्षी स्वतः येऊन विचारलं की पेट्या माझ्या बांधावर ठेवता का. त्या दिवशी कंट्रोलरांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

तर असा आमचा उन्हाळा सुरू झाला. आमच्या पेटीत पोळी भरली होती, अंडी होती, आणि मी झाकण उघडायचं जवळजवळ सोडलं होतं. आता पाऊस पडेपर्यंत टिकल्या की झालं, असं मी मनाशी म्हणत होते. मग चौदा एप्रिल आला.

जयंतीच्या आदल्या दिवशी आईनं आमच्या दाराखिडक्यांना निळा ऑइलपेंट दिला. कंट्रोलरांची परवानगी घेऊनच. मी शाळेतल्या कार्यक्रमाच्या तयारीत अडकले होते. डब्यात थोडा रंग उरला. तिन्हीसांजेला माश्या पेटीत परतल्यावर आईनं तो पेटीला चारी बाजूंनी छान लावून टाकला. नंतर तिचं म्हणणं एवढंच होतं, "सगळ्यांना नवं अन् तिलाच जुनं कामून? ती बी घरातलीच हाय."

सकाळी ऊन चढलं, रंग तापला. मी पांढऱ्या साडीच्या निऱ्या घालत होते तेव्हा मागून पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला. धावत गेले तर पेटीच्या तोंडातून माश्यांचा लोट बाहेर पडत होता. कंट्रोलर आले. त्यांनी निळ्या पेटीकडे पाहिलं, रंगाचा वास घेतला आणि चक्क जमिनीवर बसले. काय झालं ते आईला कळलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. तिच्या डोळ्यांत मला सरळ खोली जाताना दिसत होती. माश्यांचा ढग भिंतीवरून आमच्या समाजाच्या वस्तीकडे निघाला. तसे कंट्रोलर उठले, टोपली, ओलं धोतर आणि शिट्टी घेतली आणि पळत सुटले. त्यांच्या मागे मी आणि माझ्या मागे आई.

वस्तीच्या तोंडाशी मिरवणुकीची ट्रॉली सजवून उभी होती. तसबिरीवर केळीच्या खांबांची कमान, आणि त्या कमानीला दुधी भोपळ्याएवढा माश्यांचा घोस लटकलेला. ढोल चालू होते. दोन पोरं टेंभा पेटवून पुढे सरकत होती. कोपऱ्यावरच्या पोलिसांनी काठ्या सावरल्या होत्या आणि गर्दीतून कुणीतरी म्हटलं, "हे कुणीतरी मुद्दाम सोडलंय." त्या वर्षी एवढं एक वाक्य पुरलं असतं. चार जण डंख लागून पळाले असते, पळणाऱ्यांना पाहून कुणी दगड उचलला असता, आणि संध्याकाळी खरं काय घडलं ते कुणालाच सांगता आलं नसतं.

शिट्टी वाजली. खाकी कपडे पाहून काही जणांना तो फौजदारच वाटला. मग तो आवाज आला. त्या आवाजावर सगळ्या तालुक्यानं गाड्या पकडल्या होत्या. "इकडं लक्ष द्या. गाडी थोडा वेळ थांबणार हाय. ढोल बंद करा. टेंभा इझवा. कुणीबी आपली जागा सोडू नका." आणि खरंच, कुणी जागा सोडली नाही. गर्दीत "कंट्रोलर हायत, कंट्रोलर हायत" अशी कुजबुज पसरली आणि माणसं रांगेत उभी असल्यासारखी शांत झाली.

चपला काढून ते ट्रॉलीवर चढले. पेटी उघडायच्या आधीसुद्धा ते चपला काढत असत. त्यामुळे त्या दिवशी त्या तसबिरीसाठी काढल्या की माशीसाठी, मला सांगता येणार नाही. लोकांनी त्यांना हवा तो अर्थ घेतला आणि मी तो घेऊ दिला.

"डसतील काका," खालून एक पोरगा म्हणाला.

"घर सोडलेली माशी डसत न्हाई. पोटभर मध घेऊन निघालेली असती, अन् राखायला घर नसतं. ती डसंल कशापायी?"

त्यांनी घोसावर पाण्याचे शिंतोडे मारले, टोपली वरून पालथी धरली आणि केळीच्या पानानं खालून हळूच सरकवायला लागले. माशी अंधाराकडे चढते हे मला त्यांनीच शिकवलं होतं, पण शेकडो माणसांनी श्वास धरलेला असताना ते पाहणं वेगळं होतं. घोस सगळा आत गेला. त्यांनी टोपलीवर ओलं धोतर बांधलं आणि खाली उतरले.

आता पंचाईत अशी झाली की गल्ली अरुंद, मागे ट्रॅक्टर, आणि टोपली हलवायची नाही. बाहेर पडायला मिरवणुकीचाच रस्ता. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "तुमी पुढं व्हा. आमी मागनं येतो."

"ढोल?"

"तुमचं घर येईपर्यंत न्हाई."

अशी त्या वर्षीची जयंती निघाली. सर्वांत पुढे खाकी कपड्यातले कंट्रोलर, अनवाणी, दोन्ही हातांत टोपली. मागे निळे झेंडे, ट्रॉली आणि पांढऱ्या साड्यांतल्या बायका. ढोल गप्प. कंट्रोलर टोपलीला हिसका बसू नये म्हणून पाऊल मोजून टाकत होते आणि अख्खी मिरवणूक त्यांच्या चालीनं चालत होती. बाजारपेठेतले लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले. एक नवा शिपाई खाकी पाहून कडक सलाम ठोकून मोकळा झाला. आमच्या फाटकात काकू तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. कंट्रोलर आत वळले, ढोल सुरू झाले, आणि त्यांनी मागे न पाहता खांदे आवळले. ढोल त्यांना कधीच आवडत नसत.

माश्यांना त्यांनी मेणाचा वास मुरलेल्या एका जुन्या पेटीत घातलं, राणी बाहेर पडू नये म्हणून दाराला जाळी बसवली, आणि परभणीतून अंडी-पिल्लांची एक चौकट काढून आत ठेवली. "लेकरं सांभाळायला मिळाली की ती उठत न्हाई," एवढंच म्हणाले.

दिवस मावळायला आम्ही सामान बांधायला घेतलं. नियम होता, तलाठ्यांना लागू झाला तसा आम्हालाही. आई भांडी ट्रंकेत भरत होती आणि एकही भांडं वाजू देत नव्हती. तेवढ्यात गल्लीतले दोघं जण आले. त्यांतल्या एकानं पुतण्या सांगून मला खोली नाकारली होती. ते कंट्रोलरांच्या ओसरीवर बसले. मधे नुसती भिंत, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"आज लय शोभून दिसले कंट्रोलर," एक जण म्हणाला. चहा आला. बशीतला चहा फुर्रकन पिऊन तो मुद्द्यावर आला. "झालं ते झालं. पण तुमचं काम सोपं झालं आता. माशी गेली की भाडेकरू गेला, हा तुमचाच नियम. आमी काही म्हणत न्हाई. तुमी नुसतं नियमानं चला."

आईचा हात ट्रंकेतच थांबला. नियम म्हणजे कंट्रोलरांचा जीव की प्राण. सख्ख्या मेव्हण्यासाठी गाडी अर्धं मिनिटही न थांबवणारा माणूस तो.

"माशी गेली कुठं?" कंट्रोलरांनी विचारलं.

"म्हंजे? साऱ्या गावानं बघितलं की."

"मिरवणुकीला गेली हुती," कंट्रोलर म्हणाले. "झाल्यावर घरी आली. सणाच्या दिवशी माणूस जातंच की."

बशा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दोघांना काहीतरी काम आठवलं.

ते गेल्यावर कंट्रोलर आमच्या दारात आले. त्यांनी ट्रंक पाहिली, वळकटी पाहिली, आईकडे पाहिलं. "आठवडाभर पेटी उघडू नका, बाई," ते म्हणाले. मग जायला वळले आणि पुन्हा थांबले. "अन् त्यो नियम आजपासून रद्द."

"कामून?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"मी केला हुता माशीसाठी," ते म्हणाले. "ह्यांनी त्यो माणसावर चालवायला घेतला."

एवढं बोलून ते पेट्यांकडे गेले. मी वळकटी सोडायला घेतली. आईनं ट्रंकेतून चहाचं पातेलं काढलं, ते जरा जोरातच आपटलं आणि स्टोव्ह पेटवला.